प्रतिबंधित औषध उपचारासाठी घ्यावे लागत असेल तर टीयूईचा अर्ज कसा करावा

डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे परवानगी नव्हे. उत्तेजक चाचणीसाठी दिलेल्या नमुन्यात प्रतिबंधित पदार्थ सापडला की जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, मग ते औषध कोणीही लिहून दिलेले असो. आजारासाठी असे औषध घ्यावेच लागणार असेल, तर उपचारात्मक वापराची सवलत, म्हणजे टीयूई, मिळवावी लागते.

मुळात अर्जाची गरज आहे का, ते आधी पाहा. वाडाची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, प्रतिबंधित यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. काही औषधे कायम बंद असतात (उदा. इन्सुलिन), तर काही फक्त स्पर्धेच्या काळात. हा काळ सर्वसाधारणपणे सामन्याच्या आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो. दम्याचा सालब्युटामॉल इनहेलर २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत सवलतीविना चालतो. टर्ब्युटालिनचा इनहेलर मात्र कायम बंद आहे. दोन्ही दम्याचीच औषधे आहेत, म्हणून इथे खूप जण फसतात.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनांबाबत जास्त सावध राहा. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइडचे (सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडचे) कोणतेही इंजेक्शन चालत नाही, सांध्यातलेसुद्धा. वाडाने दिलेला शरीरातून निघून जाण्याचा कालावधी औषधावर आणि ते देण्याच्या मार्गावर ठरतो. ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड गुडघ्याच्या सांध्यात दिले तर १० दिवस, तेच स्नायूत दिले तर ६० दिवस. म्हणून इंजेक्शन घेतानाच औषधाचे नाव, मात्रा, जागा आणि तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढे हाच कागद कामी येतो.

सवलतीसाठी चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात. निदान वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेले हवे. औषधाने तब्येत पूर्ववत व्हावी, त्यापलीकडे कामगिरी वाढू नये. ते त्या आजाराचे मान्य उपचार असावेत आणि बंदी नसलेला योग्य पर्याय नसावा. शिवाय, आधी सवलतीविना प्रतिबंधित पदार्थ घेतल्यामुळे ही गरज निर्माण झालेली नसावी.

अर्ज कोणाकडे करायचा, हे खेळाडूच्या पातळीवर ठरते. राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू आपल्या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे अर्ज करतो, आंतरराष्ट्रीय पातळीवरचा आपल्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे. राष्ट्रीय सवलत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपोआप चालत नाही. महासंघाची मान्यता हवी की नको, ते प्रवासापूर्वी लेखी विचारून घ्या. औषध फक्त स्पर्धेच्या काळात बंद असेल, तर पुढच्या स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज पोहोचला पाहिजे.

फॉर्मवर खेळाडू आणि डॉक्टर दोघांच्याही सह्या लागतात. अल्पवयीन असल्यास पालकांचीही. औषधाचे ब्रँडनाव पुरेसे नाही. मूळ नाव, मात्रा, घेण्याचा मार्ग, दिवसातून किती वेळा आणि किती काळ, हे सगळे भरावे लागते.

खरा निकाल लागतो तो फॉर्मसोबतच्या वैद्यकीय फाइलवर. अर्जावर निर्णय देणाऱ्या समितीतले डॉक्टर तुम्हाला तपासत नाहीत, ते फक्त कागद वाचतात. ‘दमा आहे, औषध आवश्यक’ असे एका ओळीचे प्रमाणपत्र त्यांच्या उपयोगाचे नसते. लक्षणे केव्हा सुरू झाली, तपासणीत काय आढळले, कोणती परवानगी असलेली औषधे किती काळ वापरली आणि ती का पुरी पडली नाहीत, हे तज्ज्ञांच्या पत्रात सविस्तर यायला हवे. दम्यासाठी स्पायरोमेट्रीचा (फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचा) मूळ अहवाल आलेखासह जोडा. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावर एफईव्ही-१ (जोराने श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढला, तर तो ठोस पुरावा मानतात. फोनवर काढलेला अंधूक फोटो किंवा न वाचता येणारे हस्ताक्षर असले की फाइल परत येते.

निर्णय साधारणपणे २१ दिवसांत देणे अपेक्षित आहे, पण ते दिवस अर्ज पूर्ण मिळाल्यापासून मोजतात. एक अहवाल राहिला तर मोजणीच सुरू होत नाही. मंजुरी येईपर्यंत औषध सुरू करू नका.

अपवाद आणीबाणीचा. जीव धोक्यात असेल तर उपचार आधी, अर्ज नंतर. पूर्वलक्षी अर्ज करता येतो, पण शक्य तितक्या लवकर करा आणि दाखल झाल्याच्या, शस्त्रक्रियेच्या, भूल दिल्याच्या नोंदी वेळेसह जोडा. फक्त उशीर झाला म्हणून केलेला पूर्वलक्षी अर्ज टिकणे कठीण असते.

मंजुरीपत्र आले की त्यातली मात्रा, मार्ग आणि मुदत नीट वाचा. सवलत तेवढ्यालाच लागू असते. डॉक्टरांनी मात्रा वाढवली किंवा गोळीऐवजी इंजेक्शन दिले, तर मंजुरी देणाऱ्या संस्थेला लगेच कळवा. नवा अर्ज लागू शकतो. नमुना देताना पत्राची प्रत दाखवा आणि चाचणीच्या फॉर्मवर औषधाची नोंद करा. अर्ज नाकारला तर कारणे लेखी मिळतात. अपील किंवा फेरविचाराची मुदत त्याच पत्रात पाहा आणि नाकारण्याच्या कारणाला थेट उत्तर देणारा नवा वैद्यकीय पुरावा सोबत द्या.