टपालपेटीवरचे बेंद्रे कुठे गेले?

2531 साली जपानमधल्या प्रत्येक माणसाचं आडनाव 'सातो' असेल, ही बातमी 2024च्या एप्रिलमध्ये आपल्याकडेही फिरली. आमच्या घरच्या ग्रुपवर ती काकांनी टाकली. चार हसरे चेहरे उमटले आणि मागून काकांचाच दुसरा निरोप आला, "हसताय काय? आपल्याकडे पुढच्या पिढीत सगळ्या मुलीच आहेत."

आधी सातोंचं बघू. हिशेब तोहोकु विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ हिरोशी योशिदा यांचा. जपानी कायद्यानुसार नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं आणि साधारण 95 टक्के जोडप्यांत ते नवऱ्याचं असतं. हा नियम बदला म्हणणाऱ्या मोहिमेसाठी त्यांनी हे गणित मांडलं. 2023 मध्ये लोकसंख्येत सातो सुमारे 1.53 टक्के होते आणि त्यांचं प्रमाण वर्षभरात 1.0083 पट झालं होतं. हेच चक्रवाढीने चालू ठेवलं की पाचशेआठ वर्षांत शंभर टक्के! वळवाच्या एका सरीवरून धरण कधी भरेल ते सांगण्यातला हा प्रकार. मोहिमेला आकडा मिळाला, वर्तमानपत्रांना मथळा मिळाला.

पण आडनावं बुडतात हे मात्र खरं. कशी, ते एका रविवारी मी आणि मुलीने जेवणाच्या टेबलावर करून पाहिलं. सोसायटीच्या जिन्याखालच्या टपालपेट्यांवरून बत्तीस वेगवेगळी आडनावं चौकटीच्या वहीत उतरवली. प्रत्येक आडनावाचा एकच पुरुष. प्रत्येकाला दोन अपत्यं. छापा पडला तर मुलगा, काटा पडला तर मुलगी, आणि आडनाव पुढे नेणार फक्त मुलगा. म्हणजे पुरुष सरासरी तेवढेच राहणार, ना वाढ, ना घट.

पहिल्याच फेरीत सात आडनावं गेली. त्यात बेंद्रे होते. दोनदा नाणं उडवलं, दोनदा काटा, संपलं. सहाव्या पिढीला बत्तिसांतली अकरा उरली आणि त्यातले एकटे शिंदे सहा ओळी अडवून बसले होते.

हे नशीब नव्हे, गणित आहे. दोन्ही अपत्यं मुली असण्याची शक्यता 0.25. एक मुलगा असण्याची 0.5, दोन असण्याची 0.25. आता घराणं अमुक पिढ्यांत बुडायचं असेल तर प्रत्येक मुलाची शाखा त्याहून एक पिढी कमी काळात, आपापली, बुडायला हवी. एका शाखेची तशी शक्यता 'ब' धरा. मुलगाच नसेल तर प्रश्न मिटला. एक असेल तर 'ब', दोन असतील तर 'ब' गुणिले 'ब'. तिन्हींना आपापल्या शक्यतेने गुणून बेरीज केली की येतं (1+ब)² भागिले 4. सुरुवातीला 'ब' शून्य ठेवा आणि आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घाला. 0.25, मग 0.39, 0.48, 0.55, 0.60, 0.64… दहाव्या पिढीला 0.74. शंभरातली चौऱ्याहत्तर आडनावं गेली. उरलेल्या सव्वीसांत सरासरी चार-चार पुरुष. सगळी गंमत शून्यात आहे. दोनाचे तीन होतात, तिनाचे परत दोन होतात, पण शून्याचा एक कधीच होत नाही.

हा प्रश्न इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1873 मध्ये जाहीरपणे विचारला. इंग्लंडमधली बडी घराणी नामशेष का होतात, ही त्यांची चिंता. (सुप्रजननाचं, म्हणजे 'चांगल्या' माणसांचीच वंशवाढ करण्याचं, खूळ काढणारे हेच गृहस्थ, त्यामुळे बड्यांची चिंता ओघाने आलीच.) उत्तर दिलं हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकांनी, आणि ते चुकले. पिढ्या वाढत गेल्या की 'ब' जिथे स्थिरावतो तिथे सूत्रात घातलेला आणि बाहेर आलेला 'ब' एकच असतो. या समीकरणात 'ब' बरोबर 1, म्हणजे बुडणं अटळ, हे उत्तर नेहमीच बसतं. ते पाहून वॉटसन म्हणाले, लोकसंख्या वाढती असली तरी प्रत्येक आडनाव अखेर बुडणारच. पण दोनऐवजी तीन अपत्यं धरा. समीकरण होतं ब = (1+ब)³ भागिले 8. यात 1 बसतोच, पण आणखी एक उत्तर दडलेलं आहे: √5 वजा 2, म्हणजे सुमारे 0.236. शून्यापासून चढत जाताना आधी हेच लागतं आणि आकडे तिथेच अडकतात. म्हणजे चारांतली तीन घराणी कायमची तगतात. फ्रेंच गणिती ब्येनेमे यांनी खरं उत्तर 1845 मध्येच दिलं होतं, पण त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पुढे 1931 मध्ये लोकसंख्येचे गणिती आल्फ्रेड लोटका यांनी अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांची 1920ची आकडेवारी या सूत्रात घातली. मुलग्यांची सरासरी एकाहून जास्त असूनही बुडण्याची शक्यता 0.82 निघाली.

तेव्हा 'वंश खुंटला' म्हणून पितृदोष सांगणाऱ्याला दक्षिणा देण्याआधी एक नाणं उडवून पाहावं.

मग आपल्याकडे एवढी आडनावं शिल्लक कशी? कारण परवापरवापर्यंत नवी निपजत होती. गाव सोडलं की मागे 'कर' लागायचं. दप्तरात नोकरी मिळाली की फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, चिकटायचा: फडणवीस, चिटणीस, पोतनीस. जोतीरावांचं घराणं मूळचं कटगुणचे गोऱ्हे, फुलांच्या धंद्यामुळे फुले झालं. बाबासाहेबांचं मूळ आडनाव सकपाळ. म्हणजे अनेक आडनावांचं वय दोन-तीनशे वर्षांच्या आतलं. त्यावर 'अस्सल रक्ताचा' अभिमान उभारायला जागा फार थोडी आहे. चीनमध्ये आडनावं हजारो वर्षांची, त्यामुळे गळती भरपूर झालेली. शंभर आडनावांत बहुतेक देश मावतो. पण थोडी आडनावं म्हणजे दरवेळी गळतीच, असंही नाही. कोरियात पाचांतला एक जण किम, कारण सामान्यांनी मोठ्यांची आडनावं उचलली. गोव्यात धर्मांतराबरोबर मूठभर पोर्तुगीज आडनावं गावच्या गावांना मिळाली. दोन फर्नांडिस भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं नाही.

आता शाळेच्या दाखल्याने आणि आधार कार्डाने आपली आडनावं गोठवली आहेत. नवी येणं जवळजवळ थांबलं, गळती मात्र चालूच. महाराष्ट्रातला जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी अपत्यं, 2019-21च्या पाहणीत 1.7 होता, म्हणजे मुलगे सरासरी एकाहून कमी. इथे 'ब'ला 1 सोडून दुसरं उत्तर नाही.

"मग मुलींनाही चालवू देत की आडनाव," मुलगी म्हणाली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालंय, पण तिचं आडनाव नाही. पुन्हा वही उघडली. आता प्रत्येक आडनावाची एक व्यक्ती, बाई किंवा पुरुष; प्रत्येक अपत्यासाठी नाणं, छापा आला तर आईचं आडनाव, काटा आला तर बापाचं. मी मांडून पाहिलं: कोणाही एकाला दोन अपत्यं, प्रत्येकाला आपलं आडनाव मिळण्याची शक्यता निम्मी. सूत्र तेच, 0.25, 0.39, 0.48, एकही आकडा हलला नाही. मुलगी हिरमुसली. तरी तिने बत्तीस ओळी पुन्हा आखल्या आणि नाणं उडवत बसली.

या खेपेला शिंदे दुसऱ्या फेरीत गेले. बेंद्रे टिकले.