सुरक्षा मंजुरी, अमेरिकेतील : अमली पदार्थ व थकीत देणी

संघीय सेवेतील किंवा संरक्षण कंत्राटदाराकडील व्यक्तीच्या हाती गोपनीय माहिती देण्यापूर्वी अमेरिकी शासन तिच्या विश्वासार्हतेचा जो निर्णय करते, त्यास सुरक्षा मंजुरी म्हणतात. ८ जून २०१७ पासून हा निर्णय ‘सीड-४’ या निदेशातील तेरा कसोट्यांवर होतो. त्यांपैकी ‘एफ’ आर्थिक व्यवहारांची, तर ‘एच’ अमली पदार्थांची.

दोन्ही कसोट्यांचा उगम सारखा स्पष्ट नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या २७ एप्रिल १९५३ च्या आदेशात (क्र. १०४५०) अमली पदार्थांच्या व्यसनाचा थेट उल्लेख आहे, कर्जाचा नाही. त्यामुळे आर्थिक कसोटीचे मूळ सीआयए अधिकारी ऑल्ड्रिच एम्स याच्या १९९४ मधील अटकेत शोधले जाते. १९८५ मध्ये तो सोव्हिएत संघासाठी हेरगिरीकडे वळला तेव्हा घटस्फोटाने कर्जात होता, शिवाय १९९५ च्या आदेशाने (क्र. १२९६८) आर्थिक विवरणाची तरतूद केली. तथापि व्यक्ती दबावाखाली येऊ शकेल अशी वस्तुस्थिती तपासावी, हे कलम १९५३ च्या आदेशातच आहे आणि कर्जबाजारीपणा त्यात सहज बसतो. नौदलातील जॉन वॉकर पैशाच्या चणचणीतून, बहुधा १९६७ च्या अखेरीस, गुपिते विकण्यास सोव्हिएत दूतावासात गेला. तो १९८५ मध्ये पकडला गेला. म्हणजे एम्स प्रकरणाने जुनीच चिंता नियमबद्ध केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नियंत्रित पदार्थाचे अवैध सेवन चालू असेल, तर २००८ च्या ‘बाँड दुरुस्ती’ या कायदेशीर तरतुदीनुसार मंजुरी देता येत नाही. अनेक राज्यांनी गांजा वैध केला असला, तरी संघीय कायद्यापुढे ती सबब चालत नाही. पूर्वीचे गांजासेवन मात्र विचारात घेतले जाते, निर्णायक मानले जात नाही, असे राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. सेवन थांबून लोटलेला काळ, उपचार आणि पुन्हा सेवन न करण्याची लेखी हमी या बाबी अर्जदाराच्या बाजूने धरल्या जातात.

कर्जाला अशी वैधानिक आडकाठी नाही, रकमेची ठराविक मर्यादाही नाही. एसएफ-८६ या मंजुरीसाठीच्या अर्जात १२० दिवसांहून अधिक थकलेली देणी सांगावी लागतात. नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट यांमुळे देणे थकले आणि तरीही व्यक्ती जबाबदारीने वागली, तर ती सबब मान्य होऊ शकते. प्रामाणिक परतफेडीला मोठे वजन आहे. दिवाळखोरीही आपोआप अपात्र ठरवीत नाही, आणि हे न्याय्यच आहे. अर्जात जाणूनबुजून केलेली लपवाछपवी मात्र ‘ई’ या वैयक्तिक वर्तनाच्या कसोटीखाली येते आणि मूळ दोषापेक्षा जड जाऊ शकते.

मंजुरी हा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ईगन खटल्यात म्हटले. शंकेचा फायदा राष्ट्रीय सुरक्षेला मिळतो. कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना संरक्षण खात्याच्या सुनावणी व अपील कार्यालयापुढे बाजू मांडता येते. तेथील निवाडे नावे वगळून प्रसिद्ध होतात व त्यांत थकीत देण्यांची प्रकरणे विपुल आहेत.