बॅड लाइटचा निर्णय बॅट्समनच्या हातात नसतो

टेस्टमध्ये उजेड कमी झाला की कमेंट येतेच, "बॅट्समनने लाइट घेतली (म्हणजे कमी उजेडाचं कारण देऊन खेळ थांबवला), पळाले." आणि फ्लडलाइट चालू असतील तर मग विचारूच नका. पण अंपायरने बॅट्समनला "खेळणार का?" विचारायची पद्धत 2010 मध्येच बंद झालीये, आता निर्णय फक्त अंपायरचा.

25 ऑगस्ट 2013, ओव्हलची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ॲशेस टेस्ट आठवा. इंग्लंड 206 वर 5, टार्गेट 227, म्हणजे 4 ओव्हरमध्ये 21 हवे होते, दिवे चालू होते, प्रायर आणि वोक्स क्रीजवर, तरी अंपायर अलीम दार आणि धर्मसेनाने उजेड मोजायचं मीटर बघून सगळ्यांना आत नेलं, पब्लिकने हुर्यो उडवली. जिंकायला आलेली टीम स्वतःहून कशाला आत जाईल सांगा!

मीटरचं असंय, मॅचमध्ये पहिल्यांदा ज्या रीडिंगला खेळ थांबतो तेच पुढच्या दिवसांना माप म्हणून वापरतात. आणि दिवे लावले म्हणजे दुपार होत नाही, सूर्याचा उजेड गेला की त्या दिव्यांखाली लाल बॉल नीट दिसत नाही, फिल्डरलाही नाही, म्हणून तर डे-नाइट टेस्टला गुलाबी बॉल आणला. चिडायचंय तर नियमावर चिडा ना, बॅट्समनला भित्रा का म्हणता?