पार्श्वभूमी: लहान विमानात जीपीएसला ‘पूरक’च का ठेवले होते

लहान विमानात जीपीएस मागच्या दाराने शिरला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वैमानिक हातात मावणारे यंत्र क्लॅम्पने योकवर, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावर, बसवत. नियमांच्या लेखी ते विमानाचा भाग नव्हतेच. सरळ रेषेत उडण्याची चटक मात्र त्याने लावली नव्हती. ती लोरान-सीने, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ संकेतांवरून जागा ठरवणाऱ्या जुन्या व्यवस्थेने, १९८०च्या दशकातच लावली होती, आणि तोवर एका व्हीओआर केंद्रावरून (दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून) दुसऱ्याकडे वळणे घेत जायचा कंटाळाही आला होता.

खरा वाद सुरू झाला तो पॅनेलमध्ये कायम बसणाऱ्या रिसीव्हरवरून. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकी नियामकाने त्यासाठी पहिले मानक काढले आणि १९९३ मध्ये ढगांतल्या उड्डाणासाठी, म्हणजे आयएफआरसाठी, परवानगी दिली. पण साधन म्हणून जीपीएस ‘पूरक’ राहील, अशी अट घातली. मार्गावरच्या जमिनीवरील केंद्रांसाठी लागणारी दुसरी उपकरणे विमानात चालू स्थितीत हवीत आणि पर्यायी विमानतळावर जीपीएसवर न विसंबणारा अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी आखून दिलेला मार्ग, हवा, असा त्याचा अर्थ.

वैमानिकांना हे हास्यास्पद वाटले, आणि त्यात तथ्य होते. वादळ जवळ आले की एडीएफची, म्हणजे रेडिओ केंद्राची दिशा दाखवणाऱ्या जुन्या उपकरणाची, सुई केंद्र सोडून विजेकडे वळते, तरी ती ‘मुख्य’. शेजारी जागेचा अचूक आकडा दाखवणारे यंत्र मात्र ‘पूरक’. या सावधगिरीचे खापर लष्कराने संकेतात मुद्दाम मिसळलेल्या त्रुटीवर फोडले जाते. ती त्रुटी मे २००० मध्ये बंद झाली. पण ती असतानाही आडवी चूक बहुतेक वेळा १०० मीटरच्या आत असे. अप्रोचमध्ये जीपीएसची मार्ग दाखवणारी सुई एका टोकाला जाते तेव्हा विमान मध्यरेषेपासून ०.३ सागरी मैल, म्हणजे साडेपाचशे मीटरवर असते. तिथे शंभर मीटरने फारसे बिघडत नव्हते.

अडचण होती इशाऱ्याची. एखादा उपग्रह चुकीचे संकेत देऊ लागला, तर ते वैमानिकाला कळवणार कोण? व्हीओआर केंद्र स्वतःवर नजर ठेवते आणि बिघाड झाला की बंद पडते. उपग्रहाबाबत जमिनीवरून सूचना यायला बराच वेळ लागू शकत होता. म्हणून रिसीव्हरनेच उपग्रह एकमेकांशी ताडून पाहायचे, ही रेमची पद्धत आली. बिघाड ओळखायला पाच उपग्रह हवेत, बिघडलेला नेमका कोणता हे ठरवायला सहा. पूर्ण २४ उपग्रहांची व्यवस्था १९९५ मध्ये जाहीर झाली, म्हणजे परवानगी दिली तेव्हा आकाशात ही चैनही नव्हती. हे पाहता नियामकाचा हट्ट मला तरी योग्य वाटतो. एडीएफ आणि डीएमई (केंद्रापासूनचे अंतर मोजणारे उपकरण) यांच्या जागी जीपीएस वापरायला १९९८ पर्यंत थांबावे लागले, तो उशीर मात्र कारणाविना वाटतो.

या काळाने आणखी एक गुंता मागे ठेवला. एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रणाकडे) दाखल केलेला फ्लाइट प्लॅन आणि पेटीत, म्हणजे पॅनेलमधल्या जीपीएस यंत्रात, भरलेला फ्लाइट प्लॅन यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता. सुरुवातीच्या पेट्यांत गोल बटण फिरवून एकेक अक्षर निवडावे लागे. एटीसीच्या मंजुरीत मार्ग बदलला की एकट्या वैमानिकाने ढगात, मान खाली घालून, सगळे पुन्हा भरायचे. एटीसीने दिशा देऊन मार्गाबाहेर काढले, तर पेटी कधीही न येणाऱ्या वेपॉइंटची (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूची) वाट पाहत बसे. होल्डिंगसाठी, म्हणजे एका बिंदूपाशी घिरट्या घालत थांबण्यासाठी, वेपॉइंटचा क्रम थांबवायचा आणि नंतर आठवणीने पुन्हा सुरू करायचा. विसरले, तर सुई मागचाच बिंदू दाखवत राही. कोणते बटण कुठे असावे याबद्दल एकमत नव्हते, त्यामुळे एका पेटीवरचा सराव दुसऱ्या पेटीवर अर्धाच कामी येई.

पुढचे सगळे भराभर घडले. उपग्रहांच्या चुका सुधारणारी आणि काही सेकंदांत इशारा देणारी व्यवस्था अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झाली. युरोपात ती २०११ मध्ये आली. भारताच्या गगन या अशाच व्यवस्थेला उभ्या (उंचीच्या) मार्गदर्शनासह अप्रोचसाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. या व्यवस्थेवर चालणाऱ्या रिसीव्हरना पूरकतेची अट राहिली नाही. २०१० नंतर टॅब्लेट आले, आणि त्यावर आखलेला मार्ग बिनतारी पॅनेलवर पाठवता येऊ लागला. बटण फिरवण्याचा त्रास गेला. मंजुरी वेगळी मिळाली, तर पेटीतला मार्ग आजही वैमानिकालाच बदलावा लागतो. २८ दिवसांनी बदलणारा डेटाबेस टॅब्लेटवर एक आणि पॅनेलवर दुसरा असेल, तर आणखी घोळ होतो.

अमेरिकेत २०२० पासून बऱ्याच हवाई हद्दीत विमानाने आपली जागा स्वतः प्रसारित करणे सक्तीचे झाले, आणि तो आकडाही जीपीएसच पुरवतो. बाल्टिक, काळा समुद्र आणि पूर्व भूमध्य भागांत २०२२ नंतर संकेत दडपण्याचे आणि बनावट संकेत पाठवण्याचे प्रकार वाढले आहेत. ‘पूरक’ या जुन्या अटीला हसणारे आता थोडे गप्प आहेत.

व्हीओआर केंद्रे कमी करताना अमेरिकी नियामकाने किमान जाळे राखायचे ठरवले. जीपीएस गेला तरी १०० सागरी मैलांच्या आत जमिनीवरच्या साधनांनी उतरता येईल असा विमानतळ सापडावा, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी विमानात व्हीओआर किंवा आयएलएस (धावपट्टीवर उतरवणारी जमिनीवरची रेडिओ व्यवस्था) रिसीव्हर हवा. अट उठल्यापासून नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या लहान विमानांना तो बाळगण्याची सक्ती नाही.