नस सैल केली की हाड तासलं?

आमच्या खानापूर तालुक्यात गुडघ्याच्या सांधेबदलाला अजून 'वाटी बदलली' असंच म्हणतात. आईचं ऑपरेशन बेळगावात झालं, मावशीचं कोल्हापुरात. दोघींचेही गुडघे फेंगडे. मावशी सांगते, "माझी नस सैल केली." आई म्हणते, "माझं हाड तासलं." दोघींना वाटतं गोष्ट एकच, आणि आईला वर धास्ती, की हाड तासलं म्हणजे पाय कच्चा राहिला. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, व्यायाम शिकवणारी मुलगी कानडी बोलणारी. म्हणून हे लिहितोय.

गुडघ्याची आतली बाजू झिजली की पाय बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखा वाकतो. वर्षानुवर्षं तसंच चालल्यावर आतला अस्थिबंध आखडतो. (लोक त्यालाच नस म्हणतात, पण ती रक्तवाहिनी नव्हे, दोन हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा.) त्यातच नडगीच्या आतल्या कडेला हाड वाढतं. उसाच्या गाडीवर आवळलेल्या दोराखाली दांडकं सारलं तर दोर जसा ताणेल, तसा तो पट्टा या वाढलेल्या हाडावर ताणला जातो.

हे वाढलेलं हाड डॉक्टर आधी काढतातच, आणि बऱ्याच गुडघ्यांना तेवढं पुरतं. नाही पुरलं तर दोन वाटा.

पहिली वाट दोर सैल करण्याची. पट्ट्याचं नडगीवरचं टोक थोडं सोडवतात, किंवा सुईनं जागोजागी टोचून त्याला हळूहळू लांबू देतात. मावशीचं हे झालं. यात भीती जास्त सैल होण्याची. तसं झालं तर गुडघा आडवा डुलतो, आणि मग तो डुलणं स्वतः रोखणारा, जास्त बंदिस्त घडणीचा सांधा बसवावा लागतो.

दुसरी वाट दोराखालची जागा कमी करण्याची. नडगीवर बसणारी धातूची ताटली एक माप लहान घेतात, बाहेरच्या बाजूला सरकवतात आणि आत उघडी राहिलेली हाडाची कड काढून टाकतात. ढोबळ हिशेब असा, की 2 मिलिमीटर हाड काढलं की साधारण 1 अंश वाक सुटतो. भार ताटलीतून खाली जातो, ताटलीबाहेरच्या कडेतून नाही. म्हणून आईचा पाय कच्चा झालेला नाही. पट्टा शाबूत राहतो म्हणून मला ही वाट जास्त पटते. पण हाड ठिसूळ असेल तर लहान ताटलीवर भार टाकणं जोखमीचं, आणि ताटली फार सरकवताही येत नाही. काही गुडघ्यांना दोन्ही वाटा थोड्या थोड्या लागतात. ते टेबलावर, गुडघा वाकवून-सरळ करून बघितल्यावरच ठरतं.

आणखी एक घोळ शब्दाचा. आईच्या कागदावर 'रिडक्शन ऑस्टिओटॉमी' लिहिलंय, म्हणजे वरची दुसरी वाट. (ऑस्टिओटॉमी म्हणजे नुसतं हाड कापणं.) शेजारच्या काकांच्या फाईलमध्येही 'ऑस्टिओटॉमी' आहे, पण त्यांचा सांधा मूळचाच आहे. गुडघ्याखाली नडगी कापून पाय सरळ केला आणि प्लेट बसवली. त्यांच्याकडून ऐकलेलं पथ्य आईला लावू नका, हे मी घरात तीनदा सांगितलं.