न्यायालयीन कनिष्ठ लिपिक

महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांच्या कार्यालयात दावे दाखल करून घेणारा, रोजनामा (त्या दिवशी प्रकरणात काय झाले याची नोंद) लिहिणारा, समन्स काढणारा, नकला देणारा आणि निकाली प्रकरणे अभिलेख कक्षात पोहोचवणारा कर्मचारी. त्याच्यावर वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक व अधीक्षक असतात. पैशांचा व बजावणीचा कारभार नाझर पाहतो आणि समन्स घेऊन दारोदार जातो तो बेलिफ. निर्णय न्यायाधीशांचा असतो. मात्र कायद्यातल्या मुदती ज्या तारखांपासून मोजतात, त्यांतल्या पुष्कळशा लिपिकाच्या हातून कागदावर उतरतात. या कामाला नुसती कारकुनी समजणाऱ्याने एखादी मुदत एका दिवसाने हुकलेला पक्षकार पाहिलेला नसतो.

भरतीसाठी पदवी, मिनिटाला इंग्रजी ४० व मराठी ३० शब्दांचे टंकलेखन आणि संगणकाचे प्रमाणपत्र लागते. खरे शिक्षण टेबलावर होते. बदलीगणिक टेबल बदलते आणि प्रत्येक टेबलाची चूक वेगळी असते.

दाखल विभागात दावा आला की पक्षकारांची पूर्ण नावे व पत्ते, सही, सत्यापन (मजकूर खरा असल्याचे पक्षकाराचे कथन), वकीलपत्र, दस्तऐवजांची यादी, प्रतिवादी असतील तितक्या प्रती आणि शेवटी न्यायालय फी पाहायची. फी महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम, १९५९ प्रमाणे, दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते. फीचा मुद्रांक लगेच पंच करावा लागतो. भोक चित्रावर पडावे, रकमेचा आकडा शाबूत राहावा आणि पडलेला तुकडा नष्ट व्हावा. न पंचलेला मुद्रांक सोलून दुसऱ्या अर्जावर चिकटवता येतो, म्हणून ही दक्षता. ऑनलाइन भरलेल्या फीची पावतीही ‘वापरली’ अशी संगणकावर नोंदवून ठेवायची.

त्याच वेळी कॅव्हेटची, म्हणजे ‘मला न ऐकता आदेश देऊ नका’ अशा आगाऊ अर्जांची, नोंदवही उघडावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खालील कॅव्हेट ९० दिवस चालते. नाव नजरेतून सुटले, तर ज्याने आधीच ‘मला ऐकून घ्या’ म्हणून अर्ज दिला होता, त्याच्या पाठीमागे मनाईहुकूम होऊ शकतो.

प्रकरण सीआयएस या न्यायालयांच्या संगणक प्रणालीत चढले की त्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो: राज्य व जिल्ह्याची चार अक्षरे, न्यायालयाचे दोन अंक, अनुक्रमाचे सहा, वर्षाचे चार. नावाचे स्पेलिंग चुकले की पक्षकाराला स्वतःचेच प्रकरण नावाने शोधून सापडत नाही. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून आणखी जपावे लागते. जुन्या भारतीय दंड संहितेत ३०२ म्हणजे खून. नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाचे कलम १०३ आहे आणि ३०२ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. कलम बरोबर आणि कायदा चुकीचा निवडला, तर खुनाचा खटला संगणकावर भलताच होऊन बसतो.

फाइलमधल्या कागदांना निशाणी क्रमांक पडतात. निशाणी १ म्हणजे दावा. तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५ असतो, इतका की वकील ‘निशाणी पाचची सुनावणी’ एवढेच म्हणतात.

न्यायकक्षातल्या लिपिकाचे मुख्य काम रोजनामा. नोंद साधारण अशी: ‘वादी व त्यांचे वकील हजर. प्रतिवादी क्र. २ चे समन्स बजावणीविना परत. वादीने नवीन पत्ता द्यावा.’ खाली पुढील तारीख, आणि न्यायाधीशांची सही. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, प्रकरणे भरपूर असली की ‘दुपारी एकदम लिहू’ असा मोह होतो, आणि घोळ तिथेच होतो. पुकाऱ्याला हजर असलेला प्रतिवादी ‘गैरहजर’ लिहिला गेला, तर त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश होतो; तो रद्द करून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. पुकारा झाला की ओळ लिहून टाकावी. तोंडी सांगितलेली, रोजनाम्यातली आणि संगणकावरची तारीख एकच असावी.

समन्सच्या टेबलावर आधी प्रोसेस फी भरली का, हे बघतात. ती न भरल्याने समन्स बजावले गेले नाही, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. बेलिफाच्या अहवालातली बजावणीची तारीख जशीच्या तशी चढवावी, कारण कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) ३० दिवसांची मुदत तिथून सुरू होते. न्यायालय ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर मात्र कैफियत दाखलच करता येत नाही. समोरचा माणूस विचारतो, ‘साहेब, आता काय करू?’ प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगावे. काय करावे हे सांगू नये, तो वकिलाचा प्रांत.

नक्कल विभागात प्रत्येक प्रमाणित प्रतीवर अर्जाची, प्रत तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख पडते. अपिलासाठी जिल्हा न्यायालयात ३० आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असतात. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला काळ त्यातून वगळतात. शिक्क्यातला आकडा पुसट उमटला, तर वरच्या न्यायालयात त्यावरूनच वाद होतो.

निकालानंतर १५ दिवसांत हुकूमनामा, म्हणजे निकालाने काय दिले ते मांडणारा औपचारिक कागद, तयार व्हावा, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. मिळकतीचे वर्णन उतरवताना गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा दोघांनी मिळून ताडून पाहाव्यात, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने बोट ठेवावे. एक अंक उलटा पडला, तर दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या प्रकरणात) ताबा द्यायला गेलेला बेलिफ दुसऱ्याच्याच शेतात उभा राहतो आणि त्याच संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.

निकाली प्रकरण पृष्ठांकन करून अ, ब, क, ड अशा फायलींत लावतात. अ सर्वांत जास्त काळ जपायची, ड सर्वांत आधी नष्ट करायची. घाईत मूळ खरेदीखत ड फायलीत गेले, तर काही वर्षांनी ते रद्दीबरोबर जाते. यासाठी गठ्ठा बांधण्यापूर्वी मूळ दस्तऐवज वेगळे काढावेत. अपिलाची मुदत संपल्यावर पक्षकाराने अर्ज केला, तर पोच घेऊन परत करावेत आणि त्यांच्या जागी नक्कल लावावी.