केर्नर : आल्पीय पांढरी वाइन व तिची भोजनसंगती

केर्नर हा पांढऱ्या द्राक्षांचा एक वाण. त्याच नावाची खणखणीत आम्लतेची वाइन उत्तर इटलीतील आल्तो आदिजे प्रांतात, विशेषतः इसार्को नदीच्या खोऱ्यातील उंच उतारांवर तयार होते. हा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. जर्मन भाषक त्याला झ्यूडटिरोल (दक्षिण तिरोल) म्हणतात, आणि वाइन व पदार्थ या दोहोंची नावे तेथे आजही दोन्ही भाषांत चालतात.

दक्षिण जर्मनीतील वाइन्सबेर्ग येथे आउगुस्ट हेरोल्ड यांनी १९२९ मध्ये ट्रोलिंगर हा तांबडा वाण व रीसलिंग हा पांढरा वाण यांच्या संकरातून केर्नर सिद्ध केला. त्यास अधिकृत मान्यता १९६९ मध्ये मिळाली. वाणाचे नाव वाइन्सबेर्गचे वैद्य व कवी युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) यांच्यावरून ठेवले आहे. त्यांनी मद्यपानाची गीते रचली, तसेच खराब सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे पहिले तपशीलवार वर्णनही केले.

संकराची नोंद निर्विवाद असली, तरी मातृवाणाच्या कुळाविषयी मतभेद आहेत. ट्रोलिंगर म्हणजेच इटालियन नावाने स्कियावा ग्रोस्सा होय. जर्मन नाव ‘तिरोलिंगर’चा, म्हणजे तिरोलकडील या अर्थाच्या शब्दाचा, अपभ्रंश असावे असे सामान्यतः मानले जाते. ‘स्कियावा’ या नावावरून हा वाण स्लाव्ह प्रदेशातून आला असावा, असे जुने मत होते. दुसऱ्या मतानुसार वेल मोकळा न सोडता आधाराला जखडून वाढविण्याच्या पद्धतीस हे ‘दास’ या अर्थाचे नाव पडले. स्कियावा नावाखाली एकमेकांशी निकटचे नाते नसलेले अनेक वाण मोडतात, ही बाब ध्यानात घेता नाव वाणाचे नसून लागवडीच्या रीतीचे असावे, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच परिसरात पिकणाऱ्या म्युलर-थुर्गाउ या वाणाचे कूळही असेच दीर्घकाळ चुकीचे सांगितले जाई. तो रीसलिंग व सिल्व्हानर यांचा संकर नसून रीसलिंग व माडलेन रोयाल यांचा आहे, हे जनुकीय तपासणीने दाखविले, आणि माडलेन रोयालच्या जनकांतही स्कियावा ग्रोस्सा आढळला. तेव्हा जर्मनीत जन्मलेला केर्नर आल्प्समध्ये आला तो एका अर्थी आजोळीच आला.

इसार्को खोऱ्यातील मळे साधारणतः ५०० ते ९०० मी. उंचीवर, अभ्रकयुक्त सुभाजा (शिस्ट) व फायलाइट या पापुद्रे सुटणाऱ्या खडकांच्या भुसभुशीत जमिनीत आहेत. वेलीस पालवी उशिरा फुटत असल्याने वसंतातील हिमकडाक्यापासून ती बहुधा बचावते. दिवसाच्या उन्हाने शर्करा वाढते, तर थंड रात्रींमुळे फळातील मॅलिक आम्ल टिकून राहते. पुष्कळ उत्पादक पोलादी टाक्यांत किण्वन करतात व या आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देत नाहीत. म्हणून १३ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असूनही वाइन जड लागत नाही. हिरवे सफरचंद, पीच व मस्कत या सुगंधी द्राक्षाचा किंचित गंध ही तिची ओळख होय. ११४२ मध्ये स्थापन झालेला ब्रिक्सेनजवळचा नोव्हाचेल्ला मठ तिच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे.

भोजनसंगतीचे मर्म या आम्लतेत आहे. श्लुत्सक्राप्फन या स्थानिक पदार्थात राय या धान्याच्या व गव्हाच्या पिठाच्या पातळ पारीत पालक व ताजे चीज भरून, करंजीसारखा अर्धचंद्र मुडपून उकडतात आणि वर खरपूस तांबूस केलेले लोणी व चाइव्ह या कांद्याच्या जातीतील वनस्पतीची चिरलेली पात घालतात. लोण्याचा थर जिभेवर बसतो. वाइनच्या घोटाने लाळ सुटते, थर निवळतो आणि पालकाची चव पुन्हा कळते. लोण्यात परतलेला ट्राउट मासा व धुरावलेले श्पेक हे मांस यांनाही हेच लागू पडते.

उंची उपाहारगृहांत हा विचार पुढे नेला गेला. पाकतज्ज्ञ नॉर्बर्ट नीडरकोफ्लर यांच्या याच प्रांतातील सान कास्सियानो येथील तत्कालीन ‘सांक्ट हुबेर्टुस’ उपाहारगृहास २०१७ च्या अखेरीस मिशेलिन या उपाहारगृह-मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च, तारा मिळाला. त्यांच्या ‘कुक द माउंटन’ या तत्त्वानुसार पर्वतात न पिकणारे लिंबू व ऑलिव्ह तेल स्वयंपाकघरात वर्ज्य असते. अशा पाकशैलीत लिंबाने साधणारा आंबटपणा आंबवलेल्या भाज्यांतून व फळांतून आणावा लागतो, आणि पेल्यातील उंच डोंगरावरची वाइन त्यात आपली भर घालते. आंबवण जितके तीव्र, तितकी वाइनही आम्लतेत त्याच्या बरोबरीची हवी, अन्यथा ती फिकी पडते.

वाइन साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसला वाढावी. फार गार केल्यास गंध दबतो. द्राक्षे वाळवून केलेली गोड केर्नर अल्प प्रमाणात निघते व ती निळ्या बुरशीच्या चीजबरोबर घेतात.